डाव्या स्पीकरमधला पक्षी

टीव्हीवरची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी दस्तगीर शिकलगारची तक्रार होती. पूर्वीचे नट एकेक शब्द खणखणीत टाकायचे. आताचे पुटपुटतात आणि वरून मागं ढोल बडवतात, असं तो येईल त्याला सांगे. कुपवाडच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर पत्रे कापून तो निवृत्त झाला होता. आलेल्या पैशातून पुढच्या खोलीवर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुपारी बसून सिनेमा बघायला सवड मिळाली. सिनेमाचं वेड त्याला लहानपणापासून. आणि आता सवड होती तर शब्द कळत नव्हते.

तो आवाज वाढवायचा. चाळीसवर नेला की शेजारच्या घरातून भिंतीवर थाप पडायची. त्याची बायको शमशाद स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची आणि सिनेमा संपेपर्यंत बाहेर यायची नाही. ती मुळातच कमी बोलणारी, असं दस्तगीरला वाटत असे. लग्न झालं तेव्हा बरीच बडबडी होती खरी, पण वयानुसार माणूस शांत होतं, यात नवल काय.

शेवटी त्यानं ठरवलं की घरात चांगला साउंड आणायचा. त्यासाठी तीस हजार बाजूला ठेवले. त्याच्या वर एक रुपया नाही.

पहिल्यांदा त्याचा पुतण्या वाजिद मदतीला धावला. त्याचं मोबाईलचं दुकान होतं, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंतलं आपल्याला कळतं असं तो धरून चालायचा. त्यानं टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी आणि खाली जमिनीवर एक डबा आणून चार दिवस लावून दिला. डबा असा घुमायचा की मांडणीतल्या कपबश्या किणकिणायच्या.

"कसं वाटतंय चाचा?" वाजिदनं विचारलं.

"बाँब फुटला तर लय भारी फुटतोय," दस्तगीर म्हणाला. "पण तो मरायच्या आधी काय बोलला ते न्हाई कळलं."

पट्टी परत गेली. मग सांगलीतल्या एका मोठ्या शोरूममध्ये तो गेला. तिथं काळ्या काचेच्या खोलीत पाच स्पीकर पाच कोपऱ्यांत उभे होते आणि टाय घातलेला विक्रेता हजार वॅट, हजार वॅट असं घोकत होता. त्यानं एक मारामारी लावली. दस्तगीरनं बातम्या लावायला सांगितल्या. विक्रेत्याला हे थोडं कमीपणाचं वाटलं, पण त्यानं लावल्या. पाच स्पीकरांमधून बाई बोलली, आवाज चांगला भरदार आला, आणि कांद्याचे भाव वाढले की पडले तेवढं मात्र दस्तगीरला उमगलं नाही.

मारुती रोडच्या मागच्या गल्लीत आप्पासो नावाचा कारागीर जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. पूर्वी लग्नाच्या लाऊडस्पीकरपासून गणपतीच्या मंडळांपर्यंत सगळ्यांची मशीनं त्याच्याकडं यायची. सत्तरी गाठलेला माणूस, कपाळावर भिंग अडकवून बसलेला. दस्तगीरनं त्याच्यापुढं सगळा पाढा वाचला.

"तीस हजारात पाच स्पीकर आनि मशीन म्हंजे एकेकाच्या वाट्याला काय आलं? पत्र्याचा डबा," आप्पासो म्हणाला. "घरात मानसं किती तुमी?"

"दोघं."

"मग पाच कशाला? दोनच घ्या, पण चांगले घ्या. आनि त्या वॅटच्या मागं लागू नका. ते खोक्यावर छापायला आसतंय. तुमच्या खोलीला चाळीस वॅट झाले तरी जास्त हाईत." त्यानं हातातली सोल्डरिंग गन बाजूला ठेवली. "नवं तर घेऊच नका. साताऱ्यात एक पोरगी हाय, बँकेत. माझ्याकडनंच एक मशीन दुरुस्त करून नेलं होतं तिनं. तिची बदली झालीया, सगळा सेट विकतीया. तिनं जपून वापरल्यालं आसनार."

साताऱ्यातच दस्तगीरची मुलगी मिस्बाह दिली होती. त्यामुळे शमशादही निघाली. स्पीकरशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण मुलीकडं जेवण झाल्यावर दस्तगीर म्हणाला, "चल, तिथं बाई मानूस हाय, एकटा कसा जाऊ," तेव्हा ती चपला घालून उठली.

पायल कांबळे गोडोलीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिशीतली मुलगी, घरात अर्धी खोकी बांधलेली. खोलीच्या मधोमध दोन लाकडी स्पीकर स्टँडवर ठेवलेले, फार मोठे नाहीत, मुलांच्या दप्तराएवढे. त्यांच्यामध्ये एक जुना, जड अ‍ॅम्प्लिफायर. तिनं दोघांना पाणी दिलं आणि समोरच्या दिवाणावर अगदी मध्यभागी बसवलं.

"गाणी लावत नाही," ती म्हणाली. "गाणी ओळखीची असतात, त्यामुळे जे ऐकू येत नाही तेही आपण मनात भरून घेतो. मी स्वतः रेकॉर्ड केलेलं एक लावते. वाईला माझी आत्या असते. तिथल्या घाटावर सकाळी बसून केलंय."

तिनं बटण दाबलं. दस्तगीरला पाणी ऐकू आलं. मग कुणीतरी धुणं आपटत होतं, आणि लांब देवळातली घंटा. घंटेचा आवाज जाड, रजईत गुंडाळल्यासारखा होता. बाकी बरं होतं. पण तिनं मागितलेले अठ्ठावीस हजार द्यावेत असं त्यात त्याला काही दिसेना.

"आता डावीकडं लक्ष द्या," पायल म्हणाली. "झाडीत शिंजीर आहे, इवलासा पक्षी. हलक्या स्पीकरवर तो येतच नाही."

दस्तगीरनं डावीकडं मान वळवली. पाणी. धुणं.

"दोन हाईत," शमशाद म्हणाली.

पायलनं तिच्याकडं पाहिलं. "काय म्हणालात?"

"एक जवळ हाय. दुसरा लांबनं त्याला जबाब देतोय. मधी धुनं धुनारी बाई बांगड्या मागं सारती, तवा तो गप बसतोय."

"मला दुसरा कळायला महिना लागला होता," पायल म्हणाली.

दस्तगीर दिवाणावरून उठला. त्याच्या मते विषय स्पष्ट होता. तो डाव्या स्पीकरपाशी जाऊन वाकला आणि वरच्या लहान वाटीला कान लावला. "ही बंद हाय," तो म्हणाला. "बारका स्पीकर गेलाय ह्यातला. पक्षी-बिक्षी काय येत न्हाई."

पायलनं वाद घातला नाही. तिनं मागच्या तारा काढल्या, डाव्याच्या उजव्याला आणि उजव्याच्या डाव्याला लावल्या, आणि तेच पुन्हा वाजवलं. "आता उजवीकडं आला का?"

"आला," शमशाद म्हणाली.

"न्हाई," दस्तगीर म्हणाला.

मग पायलनं वाजवणं बंद केलं. तिनं मोबाईलमध्ये काहीतरी शोधलं. "काका, एक शिट्टी लावते. ती जाडपासून बारीक होत जाईल. तुम्ही दोघांनी डोळे मिटून हात वर करा. ऐकू येईनाशी झाली की हात खाली."

दस्तगीरला हा पोरखेळ वाटला, पण विकत घ्यायचं असेल तर तपासून घेतलेलं बरं. त्यानं हात वर केला. खालून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला, हळूहळू चढत गेला, शिट्टीसारखा झाला, पातळ झाला आणि संपला. त्यानं हात खाली घेतला आणि डोळे उघडले.

शेजारी शमशाद डोळे मिटून बसली होती. तिचा हात वर होता.

त्याला वाटलं, तिचं लक्ष नसेल. त्यानं पायलकडं पाहिलं. पायल मोबाईलच्या पडद्यावर चढत जाणारा आकडा बघत होती आणि मुद्दाम मान वर करत नव्हती. शमशादच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, काहीतरी दूर जात असताना पडते तशी. खोलीत दस्तगीरच्या लेखी पूर्ण शांतता होती. त्या शांततेत त्याची बायको काहीतरी ऐकत बसली होती, आणि ते बरंच लांबलं. मग तिनं हात खाली घेतला.

"काकूंचा हात अकरा हजार हर्ट्झवर खाली आला," पायल म्हणाली.

"आनि माझा?"

"साडेतीन हजारांवर."

दस्तगीरनं चष्मा पुसला. किंमत कमी होईल का, असं त्यानं विचारलं. थोडी होईल, ती म्हणाली. विचार करून फोन करतो म्हणाला, आणि दोघं जिना उतरली.

सातारा-सांगली एसटीत त्यांना शेजारी जागा मिळाली. कराड मागं पडल्यावर शमशाद खिडकीबाहेर बघत काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले त्याला काचेत दिसले. एरवी तो "हं" म्हणाला असता. आज त्याच्या लक्षात आलं की आपण नेहमी "हं" म्हणतो. काय म्हणालीस, असं विचारायला त्याला धीर झाला नाही, आणि पेठ नाका येईपर्यंत विचारायची वेळ टळून गेली.

पुढच्या आठवड्यात तो दुकान बघायला जातो असं सांगून घराबाहेर पडला आणि थेट मिरजेला गेला. तिथं एका दवाखान्यात कान तपासतात हे त्यानं वाजिदकडून, दुसऱ्याच कुणासाठी म्हणून, काढून घेतलं होतं. काचेच्या खोलीत बसवून कानाला टोप्या लावल्या, हातात बटण दिलं. बाहेर आल्यावर तपासनीस बाईंनी त्याच्यापुढं कागद ठेवला. कागदावरची रेघ बरीचशी सरळ येऊन पुढं विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती.

"आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, असं होतं का?" बाईंनी विचारलं.

दस्तगीर दचकला. त्याची तक्रार त्यानं अजून सांगितलीच नव्हती.

"स, श, फ, थ, ही अक्षरं सगळी इथं, बारीक आवाजात असतात," त्यांनी रेघेच्या खालच्या टोकाशी पेन टेकवलं. "ती गळून पडली की उरतं ते नुसतं घुमणं. आवाज वाढवला तर घुमणं वाढतं. काम काय करत होतात?"

"पॉवर प्रेस."

"कानात बोळे द्यायचे ना कंपनीत?"

द्यायचे. सुपरवायझरच्या टेबलावर डबीत ठेवलेले असायचे. दस्तगीर घालत नसे. पत्रा कापणारी डाय बोथट झाली की प्रेसचा आवाज बदलतो, आणि तो बदल अख्ख्या शॉपमध्ये त्याला पहिल्यांदा कळायचा. मॅनेजर पाहुण्यांना घेऊन यायचा तेव्हा सांगायचा, आमचा दस्तगीर कानानं पत्रा तपासतो. बोळे घातले असते तर हे कसं जमलं असतं? हे सगळं त्यानं बाईंना सांगितलं नाही. "घालत नव्हतो," एवढंच म्हणाला.

"घरच्यांच्या लक्षात कधी आलं?"

"मालकीण हळू बोलती," तो म्हणाला.

"कधीपासून?"

दस्तगीरनं कागदाची घडी घातली. बाईंनी दोन्ही कानांची मशीनं लागतील असं सांगितलं आणि दरपत्रक दिलं. स्वस्तातली जोडी घेतली तरी तीस हजारांतले बावीस जात होते.

चार दिवस त्यानं तो कागद शर्टाच्या खिशात वागवला. पाचव्या दिवशी दुपारी शमशाद लसूण सोलत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला, अगदी समोर, आणि कागद उघडून तिच्यापुढं धरला. तिला त्यातलं काही कळलं नाही. मग त्यानं सांगितलं.

शमशादचा हात थांबला. ती बराच वेळ त्या उतरत्या रेघेकडं बघत राहिली.

"म्हंजे तुमाला ऐकूच येत नव्हतं," ती म्हणाली.

"येत हुतं. कळत नव्हतं."

"मला वाटलं तुमाला ऐकायचं न्हाई."

तिनं पुढची पाकळी हातात घेतली.

"इचलकरंजीच्या बुबूचं ऑपरेशन झालं, तवा मी तुमाला इचारलं," ती म्हणाली. बुबू म्हणजे तिची थोरली बहीण. "हितंच चुलीपाशी उभी हुते. चार दिवस जाऊन ऱ्हाऊ का तिच्याकडं, म्हनलं. तुमी बाहेर टीव्ही बघत हुता. हं म्हनाला, आनि म्हनाला, चहा टाक."

"मग जायाचं हुतंस."

"परत इचारलं. तवा काईच बोलला न्हाई. मी म्हनलं, मर्जी न्हाई. न्हाई गेले. बुबू वरीसभर बोलली न्हाई माझ्याशी." तिनं पाकळी सोलून वाटीत टाकली. "तवापास्नं मी इचारायचं सोडलं. जे काय आसंल ते मिस्बाहला फोनवर सांगते."

हे सगळं ती त्याच्याकडं तोंड करून, एरवीपेक्षा सावकाश बोलली, आणि त्याला प्रत्येक शब्द कळला. त्याला आठवून बघायचं होतं, पण बुबूच्या ऑपरेशनची अशी कुठलीच दुपार त्याच्या डोक्यात नव्हती. जे ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? तिच्याकडं मात्र ती दुपार सहा वर्षं जशीच्या तशी होती.

माफी मागावी असं त्याला वाटलं, पण कशाबद्दल ते नीट मांडता येईना. "मशीनं घेऊ काय?" त्यानं विचारलं.

"घ्या की. आनि तुमचा सिनेमा?"

"आठ हजार उरत्यात. त्यात काय येनार?"

"त्या पोरीला इचारते मी," शमशाद म्हणाली.

पायलचा नंबर तिनं दस्तगीरच्या मोबाईलमधून काढून घेतला आणि स्वतः फोन केला. दहा मिनिटं बोलत होती. अ‍ॅम्प्लिफायर पुण्याच्या एका माणसानं नेला होता. नुसते स्पीकर कुणी घेत नव्हतं आणि पायलला रविवारी घर रिकामं करायचं होतं. पक्षी ऐकणाऱ्या काकूंना देते, म्हणाली, सहा हजारांत. मिस्बाहच्या नवऱ्यानं ते एसटीत चढवून दिले.

राहिला अ‍ॅम्प्लिफायर. त्यासाठी दोघं आप्पासोकडं गेली. दस्तगीरच्या कानांमागं तोवर नवी मशीनं बसली होती आणि तो जिकिरीला आला होता. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कुणी पत्रा फाडावा तसा यायचा. स्वतःच्याच चपलांच्या आवाजानं तो मागं वळून बघायचा. सांगलीच्या रस्त्यावरचे हॉर्न सोसवेनात म्हणून त्यानं गल्लीच्या तोंडाशीच दोन्ही काढून डबीत ठेवली.

आप्पासोनं फळीवरून एक जुनं मशीन काढलं. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलेलं, पाच वर्षांत न्यायला न आलेलं. दोन हजारांत देतो म्हणाला. स्पीकर जोडले, एक भजन लावलं. दस्तगीरनं मान डोलावली. आप्पासोनंही डोलावली.

"त्ये बंद करा जरा," शमशाद म्हणाली. "गानं बंद करा. मशीन चालू ऱ्हाऊ द्या."

गाणं थांबलं. तिनं मान तिरकी केली. "माशी घोंगावल्यागत येतंय. आनि तिच्या वर एक बारीक सुई हाय."

आप्पासोनं स्पीकरला कान लावला, उजवा, मग डावा. त्याला काही ऐकू आलं नाही. पण चाळीस वर्षं मुरलेला कारागीर होता; माशी कशामुळं येते आणि सुई कशामुळं, हे त्याला ऐकू न येताही ठाऊक होतं. त्यानं झाकण उघडलं, दोन फुगलेले कपॅसिटर बदलले, अर्थिंगची एक तार उचलून दुसरीकडं टाकली. अर्धा तास गेला.

"आता?"

"माशी गेली. सुई हाय."

आणखी वीस मिनिटं.

"आता बरं हाय," शमशाद म्हणाली.

स्पीकर घरी कुठं ठेवायचे तेही तिनंच ठरवलं. दस्तगीरनं ते टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटवून ठेवले होते. तिनं वीतभर पुढं ओढायला लावले, थोडे आत वळवायला लावले, आणि खाली जुन्या पाटांचे तुकडे दिले. मग दोघांनी एक सिनेमा पाहिला. दस्तगीरला दहातले सातएक शब्द कळले. तपासनीस बाई म्हणाल्या होत्या, मेंदूला सवय लागायला महिने जातील. जे तीन राहिले ते तो शमशादला विचारायचा आणि ती सांगायची. दोन-तीनदा ती सांगायला कंटाळली आणि तसं म्हणालीही.

ती फार बोलू लागली असं मात्र झालं नाही. सहा वर्षांची सवय, ती एका मशीनच्या जोडीनं कशी जाईल? मिस्बाहचा फोन अजूनही स्वयंपाकघरातच व्हायचा, दार लोटून. दाराआडून त्याला आता काही शब्द यायचे. ते ऐकावेत की नाहीत हे त्याला ठरवता येत नसे, आणि बऱ्याचदा तो उठून अंगणात जायचा.

दीड महिन्यानं आप्पासोचा फोन आला. दस्तगीरला वाटलं मशीनबद्दल असेल. आप्पासोला शमशाद हवी होती. बेळगावच्या एका गिऱ्हाईकाचे चार अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त झाले होते, गिऱ्हाईक कानाचं फार तिखट होतं, आणि आप्पासोला आता स्वतःच्या कानांचा भरवसा राहिला नव्हता. वहिनी तासभर येऊन ऐकून जातील का?

"मी काय सांगू," दस्तगीर म्हणाला. "तिलाच इचारा." आणि त्यानं फोन आत नेऊन दिला.

गुरुवारी तो तिला मोटारसायकलवरून घेऊन गेला. आप्पासोनं दुकानातली एकुलती खुर्ची तिच्यासाठी पुसून ठेवली होती. दस्तगीरला बसायला जागा नव्हती, म्हणून तो समोरच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. तिथून त्याला शमशाद दिसत होती. पदर कानामागं सारून, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ती बसली होती, आणि आप्पासो तिच्या तोंडाकडं बघत उभा होता. मग तिनं मान हलवली, नाही म्हणून. आप्पासोनं निमूटपणे स्क्रू ड्रायव्हर उचलला.

एक ऐकून झाला होता. अजून तीन होते. दस्तगीरनं दुसरा चहा सांगितला.